बांधावरचा ऊस

त्या आठवड्यात मी देवळाली प्रवऱ्याला माहेरी आले ती डोक्याचा भुगा घेऊनच. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात प्रोटॉन अडकून पडतात, त्यांचा एक पट्टाच आहे. उपग्रह त्यातून गेला की आतलं इलेक्ट्रॉनिक्स मार खातं. किती मार बसेल त्याचा अंदाज बांधायचा आणि ॲल्युमिनियमचा पत्रा किती जाड लावायचा ते सांगायचं, हे माझं काम. जुनं मॉडेल एक सांगत होतं, नवं जवळजवळ दुप्पट. साहेबांना सोमवारी एकच आकडा हवा होता. पातळ पत्रा लावून उपग्रह मेला तर खापर माझ्यावर. जाड लावला तर वजनापायी एक कॅमेरा उतरवावा लागणार, आणि तो माझ्या मैत्रिणीने तीन वर्षं खपून केलेला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

"किती बगती त्या डब्यात?" आबा, म्हणजे माझे वडील, माझ्या लॅपटॉपवर वैतागले. "माझा गुडघा न्हाई म्हनतो. तू जा अन् मधला ऊस मोजून ये. बांधाच्या उसाला ऊन-वारा लई, त्यो जाडच असतो. त्याच्यावर कारखान्याला टन सांगशील तर फसशील."

आबा बांधावर बसले, मी चिडूनच उसात शिरले. दहाएक सऱ्या ओलांडल्या आणि दिशाच कळेना. पाचट तोंडावर, पाती हाताला कापतात, बिबट्याची भीती वेगळीच. मोजता मोजता दोनदा आकडा विसरले.

"आबा, कुठे आहात?"

"हितंच हाय! तू मोज!"

मधला ऊस खरंच बारीक होता. तिथेच मला माझं काम आठवलं. आमच्या मॉडेलांमागची बहुतेक मोजमापं पट्ट्याच्या कडेची होती, आणि उपग्रह जाणार होता मधून. तिथे प्रोटॉन कमी की जास्त, कोणाला ठाऊक?

बाहेर येऊन मी विचारलं, "आबा, मध्ये जाताच आलं नाही तर?"

त्यांनी गुडघा चोळला. "मग कुठून बगितलं ते सांगायचं. अन् हात राखून बोलायचं."

सोमवारी मी दोन्ही आकडे पाठवले, मोजमापं कुठली तेही लिहिलं आणि जाड पत्रा सुचवला. कॅमेरा उतरवला.

उपग्रह आजही ठणठणीत आहे. साहेब पाठ थोपटतात, आणि मला दरवेळी ओशाळल्यासारखं होतं. परवा मैत्रिणीचा फोन आला. कॅमेरा अजून तिच्या कपाटातच आहे.

"पातळ पत्र्यानेही उपग्रह जगला असता का गं?"

मी म्हटलं, मला माहीत नाही.