दाखवायचे तीन पौंड

आमच्या कारखान्याच्या टूलरूममध्ये परदेशवारीच्या गोष्टी कशा साठत गेल्या हे आता कोणालाच सांगता येणार नाही. कोणाचा पासपोर्ट निघाला की तो म्हैसूरपाकचा पुडा घेऊन आमच्या टेबलाशी येतो आणि हळूच विचारतो, "पैशांचं कसं करायचं?" मग देसाई खुर्ची पुढे ओढतो आणि सुरू होतो. ऐकणारे पोट धरून हसतात. मी मात्र हसत नाही. दोन-तीन वर्षं झाली, तरी त्या गोष्टी निघाल्या की माझं डोकं तापतं. देसाई त्यातली फक्त गंमत सांगतो. उरलेलं मला सांगावं लागतं.

आमच्या सरकारी कारखान्यात जर्मनीहून नवी ग्राइंडिंग मशिनं यायची होती. ती शिकून घ्यायला सहा महिन्यांसाठी तिघांना पाठवलं. देसाई धारवाडचा, मी बेळगावचा आणि नरसिंगअण्णा इथले, बसवनगुडीतले. अण्णांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळूरचं. मराठी बोलताना मध्येच कानडीत शिरायचे आणि आपण कधी शिरलो हे त्यांना कळायचंही नाही. वयानं आमच्यापेक्षा मोठे. खोटं बोलायचं म्हटलं की त्यांना घाम फुटायचा. तिघांपैकी कोणीच त्याआधी देशाबाहेर पाऊल टाकलं नव्हतं.

अण्णांना जायची घाई होती ती मशिनसाठी नव्हे. त्यांची मुलगी सुभद्रा, तेव्हा नऊ वर्षांची. त्याआधी दोन-तीन वर्षं मोठा ताप आला आणि तिचे कान गेले. कानाशी तोंड नेऊन ओरडलं तर थोडंसं ऐकू यायचं. डॉक्टर म्हणाले होते, यंत्र लावलं तर कदाचित फरक पडेल, पण चांगलं यंत्र इथं मिळत नाही, बाहेरूनच आणावं लागेल. ते 'कदाचित' अण्णांनी ऐकलंच नव्हतं.

* * *

तर पहिली गोष्ट बँकेची.

सरकारी नियमानं माणशी तीन पौंड बरोबर न्यायला मिळायचे. तीन! त्यासाठी कँटोन्मेंटमधल्या बँकेत खेटे घालून चपला झिजल्या. आज साहेब नाहीत, उद्या फॉर्म चुकला, परवा सही जुळत नाही. आम्ही देशाची तिजोरी फोडायला आलोय अशा नजरेनं काउंटरवरचा माणूस बघायचा. शेवटी नोटा हातात पडल्या आणि पासपोर्टच्या मागच्या पानावर आकडा लिहून त्यावर शिक्का बसला. मी त्याला विचारलं, अहो, अनोळखी मुलखात तीन पौंडात माणसानं करायचं काय?

तो शांतपणे म्हणाला, "ते खर्चायला नसतात. दाखवायला असतात. परत आणलेत तर उत्तम."

मी रागानं लाल झालो. देसाई हसत सुटला. अण्णांनी मात्र मान डोलावली. घरी जाऊन त्यांनी बायकोकडून बनियनला आतून खिसा शिवून घेतला आणि नोटा त्यात ठेवल्या. त्या दिवसापासून ते तीन पौंड त्यांच्या दृष्टीनं बँकेचे होते. आपण फक्त ते फिरवून आणायचे.

* * *

फ्रँकफुर्टला विमानातून उतरून स्टेशनवर आलो तेव्हा पोटात गडबड तिघांच्याही होती. संडासाच्या दाराला कुलूप आणि कुलपात नाणं टाकायची फट. बाहेर एक आजीबाई बशी घेऊन बसलेल्या, त्यांचे वेगळे. देसाईनं आणि मी पैसे बदलायच्या खिडकीवर जाऊन एकेक पौंड मोडला. मोडताना त्या माणसानं वर कमिशन कापून घेतलं, त्यावरून मी त्याच्याशी भांडलो. तो जर्मनमध्ये बोलत होता, मी मराठीत.

अण्णा जागचे हलेनात. मी म्हटलं, माझ्याकडची सुटी नाणी घ्या. तेही नको.

"गाडी येऊ दे," ते म्हणाले. "गाडीत फुकट असतं."

गाडीला तासभर अवकाश होता. तेवढा वेळ ते फलाटावर येरझाऱ्या घालत राहिले. देसाई ही गोष्ट त्यांची चाल करून सांगतो आणि टूलरूम दणाणून जाते. मला मात्र बँकेतला तो माणूस आठवतो. त्याला त्या फलाटावर आणून उभा करायला हवा होता.

* * *

तिथं राहायची सोय जर्मन कंपनीनं केली होती. जेवणखाणाचा भत्ता आमच्या कारखान्याचा, दर महिन्याला तिथल्या चलनात, मार्कांत हातात पडायचा. आता देसाईची खोड अशी की दिसेल त्या वस्तूची किंमत तो रुपयांत करायचा. केस कापायला गेला, दरपत्रक वाचलं आणि परत आला. पुढचे तीन महिने त्याचे केस मी कापले. कँटीनबाहेरच्या दुकानातली कॉफी त्याच्या हिशेबानं रुपयाला कप पडायची. बेंगळूरच्या गांधीबाजारात रुपयात घरादाराची कॉफी होते, असं म्हणून तो कपाकडे बघून परत फिरायचा. रोज.

अण्णा तर त्या दुकानाच्या वाटेनंच जात नसत. सकाळी पाव आणि घरून आणलेली चटणीपूड, रात्री पाव आणि मेतकूट. चटणीपुडीचा डबा संपला तेव्हा नुसता पाव. कानाच्या यंत्राचं दुकान त्यांनी पहिल्याच आठवड्यात शोधून ठेवलं होतं. रविवारी ते तिथं जायचे. दुकान बंद असायचं, हे काचेतून बघून यायचे. यंत्र म्हणजे सिगारेटच्या पाकिटाएवढी डबी, खिशात ठेवायची आणि तिची वायर कानात घालायची.

"ऑगस्टात येतं हातात," ते म्हणायचे.

मग सहासष्टचा तो जून महिना उजाडला आणि दिल्लीनं रुपया खाली आणला. आम्हाला ते कळलं आमच्या फोरमनच्या वर्तमानपत्रातून. भत्ता हातात पडला तेव्हा शंभर मार्कांच्या जागी चौसष्टसुद्धा धड नव्हते. फोरमन भला माणूस. त्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, तुमच्याकडून काही चूक झाली का, शिक्षा आहे का ही?

त्याच रात्री मी बेंगळूरला आमच्या अकाउंट्सच्या साहेबांना चार पानी पत्र लिहिलं. भत्ता वाढवून द्या, माणसं अर्धपोटी आहेत, असं स्वच्छ लिहिलं. महिन्याभरानं उत्तर आलं, एका ओळीचं: "भत्त्याची मंजुरी रुपयांत आहे आणि रुपये तेवढेच आहेत."

मी तो कागद चुरगाळून भिंतीवर फेकला. देसाईनं तो उचलला, सरळ केला, पुन्हा वाचला आणि त्याच्या मागच्या बाजूवर हिशेब मांडला. कॉफीचा कप आता दीड रुपयाला पडत होता.

"मे महिन्यातच पिऊन घ्यायला हवी होती," तो म्हणाला.

* * *

ऑगस्ट आला. अण्णांचे मार्क कमी पडले. थोडेथोडके नव्हे, सत्तरेक. देसाई आणि मी म्हटलं, आमच्याकडून घ्या. अण्णा म्हणाले, भत्ता ज्याचा त्यानं खायचा. मग रविवारी मी त्यांच्या मागोमाग त्या दुकानापर्यंत गेलो. ते काचेशी उभे होते. गालफडं बसलेली, कोट खांद्यावर लोंबतोय. ते बघून माझा तोल सुटला. भर रस्त्यात मी त्यांना वाट्टेल ते बोललो. तुमचा हा प्रामाणिकपणा काय चाटायचाय, पोरीच्या कानात घालायचाय का, असंही बोललो. मग माझे उरलेले पौंड आणि देसाईनं निघताना माझ्याकडे दिलेले त्याचे, असे त्यांच्या हातात कोंबले.

अण्णांनी ते बघितले आणि घाबऱ्या आवाजात विचारलं, "अहो, बँकेला काय सांगाल?"

"फ्रँकफुर्टच्या संडासात घातले म्हणून सांगेन."

मग "सरी", म्हणजे बरं, एवढंच कानडीत म्हणून त्यांनी सगळ्यांसमोर शर्टाची बटणं काढली आणि बनियनच्या आतल्या खिशातून तीन पौंड बाहेर काढले. नोटा घामानं मऊ पडल्या होत्या. सोमवारी यंत्र घेतलं.

* * *

परतीच्या विमानात देसाईचं डोकं चाललं. मुंबईला कस्टमवाले यंत्रावर जकात बसवणार आणि आमच्याकडे तर छदाम नव्हता. तो अण्णांना म्हणाला, यंत्र तुम्हीच लावा. बहिऱ्या माणसाचा कान कोण काढून घेतो? तुम्हाला फक्त गप्प उभं राहायचंय.

अण्णांना विमानातच घाम फुटला. पण पोरीसाठी त्यांनी ते केलं. डबी खिशात, वायर कानात. बंद ठेवलेली. देसाईनं कस्टमच्या माणसाला सांगितलं की यांना काही ऐकू येत नाही. त्यानं अण्णांना नाव विचारलं. अण्णा गप्प. त्यानं टेबलावर हात आपटला. अण्णांची पापणीसुद्धा हलली नाही. मी मनात म्हटलं, वा, जमलं! त्या माणसानं बॅगेवर खडूनं फुली मारली आणि वर न बघता हलक्या आवाजात म्हणाला, "जा."

अण्णा म्हणाले, "थँक्यू."

जकात भरावी लागली. माझा मेहुणा विमानतळावर घ्यायला आला होता, त्याच्या खिशातून भरली. जन्मात पहिल्यांदा खोटं वागायला निघालेल्या माणसाला सभ्यपणानं पकडून दिलं, आणि लोक यावर सगळ्यात जास्त हसतात. त्या माणसाला जकात हवी होती ती एका पोरीच्या ऐकण्यावर. यात हसायला काय आहे ते मला अजून कोणी समजावून दिलेलं नाही.

* * *

कारखान्यात हजर झालो, त्यानंतर दहाएक दिवसांनी अकाउंट्सच्या साहेबांनी आम्हाला बोलावलं. भत्ता कसा वापरला ते ज्यानं त्यानं सांगायचं. देसाईनं आणि मी खाण्यावर गेला म्हणून सांगितलं. अण्णांनी खरं सांगितलं. निम्म्याहून जास्त वाचवला आणि मुलीसाठी यंत्र घेतलं.

साहेबांना राग वगैरे काही आला नाही. ते विचारात पडले. मग म्हणाले, म्हणजे मुळात भत्ता गरजेपेक्षा जास्त होता. वाचवलेली रक्कम त्यांनी अण्णांच्या पगारातून कापून घ्यायचं ठरवलं, आणि आमच्यानंतर जाणाऱ्या लोकांचा भत्ता कमी केला. उपाशी राहून एका माणसानं सिद्ध केलं होतं की उपाशी राहता येतं!

मी टेबलावरचा पेपरवेट उचलला होता. देसाईनं माझा हात धरला. लोक याला माझा तापट स्वभाव म्हणतात.

त्याच संध्याकाळी मी तडक बसवनगुडीला गेलो. अण्णांच्या बायकोला आम्ही सगळे अक्का म्हणतो. कापून घेणार हे अण्णांनी त्यांना सांगितलं नसणार, याची मला खात्री होती, आणि नव्हतंच सांगितलं. घरात तशीही अवकळा होती. आठवडा झाला होता पोरीला यंत्र लावून. दवाखान्यात जाऊन नीट बसवून आणलं होतं. पण सुभद्रा काही बोलेना, हाक मारली तर बघेना, नुसती कोपऱ्यात बसून राहायची. डॉक्टर म्हणत होते, वाट बघा. अण्णा आता 'कदाचित' ऐकायला लागले होते. गेल्या गेल्या मला म्हणाले, "पैसे पाण्यात गेले वाटतं."

त्या घरात सगळेच मोठ्यानं बोलायचे. पोरीसाठी सवय लागलेली. आम्ही येणारे-जाणारेही तिथं पाय ठेवला की आवाज चढवायचो. त्यात मी तापलेला. अक्कांनी कॉफीचा पेला पुढे केला तो मी खाली ठेवला आणि उभ्या उभ्या सुरू झालो. बँकेतला तो माणूस, रुपये तेवढेच आहेत म्हणणारे साहेब, खडूची फुली, पगारातली कपात, एकेकाचा उद्धार करत गेलो. अक्का डोळ्याला पदर लावून ऐकत होत्या. अण्णा खाली बघत होते. माझा आवाज रस्त्यापलीकडे जात असणार, कारण समोरचे लोक दारात आले होते.

तेवढ्यात कोपऱ्यातून सुभद्रा उठली. दोन्ही हातांनी छातीवरची डबी घट्ट धरून माझ्यासमोर येऊन उभी राहिली. कपाळाला आठ्या.

"काका," ती म्हणाली, "स्वल्प हळू बोला की."