पायपेटीच्या जागी गिटार

तुम्ही पाठवलेला व्हिडिओ मी पुन्हा पुन्हा पाहिला. तुमच्या तिकडच्या चर्चमध्ये ड्रम, गिटारी, रंगीत दिवे, आणि त्या सगळ्या दणदणाटात आपलं जुनं नाताळगीत! खाली तुमचा प्रश्न : "आजी, हे चालतं का?" तुमच्या बाबाला चालत नाही हे उघड आहे, नाहीतर प्रश्न माझ्यापर्यंत आलाच नसता. तेव्हा आमच्या खडकीतल्या एका नाताळाची हकिकत लिहिते. मुद्दाम क्रमाने लिहिते, म्हणजे मध्येच उड्या मारून शेवट वाचू नका.

मी तेव्हा कॉलेजात होते. माझे वडील, म्हणजे तुमचे पणजोबा, कारखान्यात कारकून होते. त्यांना आम्ही पपा म्हणायचो. दर रविवारी आमच्या लहानशा मराठी चर्चमध्ये ते पायपेटी वाजवत. पायपेटी म्हणजे टेबलाएवढा बाजा. वर हातांनी पट्ट्या दाबायच्या आणि खाली पायांनी भाता हलवत राहायचा, तेव्हा कुठे सूर निघतो. आमच्या पेटीचा भाता फार जुना होता. त्याला चीर पडली की पपा चामड्याचं ठिगळ लावत, आणि ठिगळाच्या शेजारी नवी चीर पडे. त्यामुळे दर दोन ओळींनंतर पेटीतली हवा संपायची. मग पपा जोरजोरात पाय मारत, पेटी घर्र घर्र करी, आणि हवा भरली की सगळे पुढची ओळ उचलत. मला आठवतं तेव्हापासून हे असंच होतं. ही पेटीची खोड आहे असं कोणाच्या मनातही येत नसे. आमच्यासाठी गाणंच तसं होतं.

माझा मोठा भाऊ, माझा दादा, तेव्हा इंजिनिअरिंगला होता. कॅम्पातल्या एका वादकाकडून त्याने जुनी इलेक्ट्रिक गिटार घेतली होती, आणि तीन मित्रांना जमवून तो रॉक वाजवायचा. त्यातला ड्रम वाजवणारा मित्र कॅम्पातल्याच एका मुसलमान घरातला. त्याच्या वडिलांचा लग्नाचा बँड होता, आणि वरातींमध्ये वाजवतच तो मोठा झालेला. दादाची एकच इच्छा होती. आपल्या चर्चमध्ये, आपल्या माणसांसमोर, नाताळची गाणी गिटारवर वाजवायची. पपा दर वर्षी एका शब्दात उत्तर देत : "नाही."

त्या डिसेंबरात उंदरांनी भाता कुरतडला. ठिगळासकट. दुरुस्ती करणाऱ्याने आत डोकावून पाहिलं आणि नव्या वर्षाशिवाय काही होणार नाही म्हणाला. चर्चमधली नाताळची गीतसंध्या तर जवळ आलेली. रात्री जेवताना दादाने विषय काढला.

"पपा, आता तरी?"

"देवाच्या घरात कसली विजेची वाद्यं?"

"दिवे विजेचेच आहेत, पपा."

मी दादाच्या मदतीला धावले. आमच्या इंग्रजी शाळेतल्या संगीताच्या बाईंनी सांगितलं होतं की कॅरोल, म्हणजे नाताळगीतं, ही मुळात गोल फेर धरून नाचत म्हणायची गाणी. मी ते मोठ्या ऐटीत सांगितलं.

"असं का?" पपा ताटातून मान वर न करता म्हणाले. "मग पुढच्या वर्षी वेदीसमोर फुगड्या घालू."

आई हसून म्हणाली, "अहो, पेटीशिवाय कोरडं गाण्यापेक्षा एकदा वाजवू द्या की त्याला."

पपांनी हात धुतले आणि अट घातली. "एक गाणं. लोक शेवटपर्यंत गायले तर माझी हरकत नाही. लोक गप्प बसले, तर ही गिटार पुन्हा चर्चच्या दारात दिसता कामा नये. आणि तो विषयही पुन्हा या घरात निघता कामा नये."

दादाने मान्य केलं. त्याचा चेहरा मला अजून दिसतो. आनंद आणि भीती एकाच वेळी.

मग आमच्या क्वार्टरमध्ये तालमी सुरू झाल्या. पुढच्या खोलीत ड्रम, स्वयंपाकघरात करंज्या. आई ओरडायची, "अरे, जरा हळू, माझं सारण उडतंय!" मेंढपाळांचं एक जुनं गीत त्यांनी निवडलं होतं. चाल तीच ठेवली, पण ताल असा जिवंत की मला एका जागी बसवेना. चर्चमध्ये मी सोप्रानोत, म्हणजे उंच पट्टीतल्या मुलींमध्ये, गात असे, त्यामुळे तालमीलाही मीच गायचे. आम्ही सगळं घोटून घोटून पक्कं केलं. फक्त एक गोष्ट कोणाच्याही डोक्यात आली नाही. आमच्या तालमीत गाणं थांबत नव्हतं. थांबेल कशाला? पेटीच नव्हती.

गीतसंध्येला चर्च भरून गेलं. बाहेर कागदी चांदण्या लटकत होत्या, आत गणपतीत लागतो तोच भाड्याचा लाउडस्पीकर. ड्रमवाला मित्र सामान मांडू लागला, तशी पहिल्या बाकावरच्या एका मावशींनी मान वळवून विचारलं, "वरात कुठवर आलीय?"

"नवरदेव मेकअप करतोय, मावशी," तो म्हणाला. मावशी पदराआड हसल्या हे मी पाहिलं.

पपा त्याच बाकाच्या कडेला हाताची घडी घालून बसले होते. इतक्या वर्षांत त्यांना लोकांमध्ये बसलेलं मी प्रथमच पाहत होते.

दादाने तार छेडली. काय आवाज तो! सगळं चर्च दचकलं आणि लगेच गायला लागलं, अगदी जोरात. दोन ओळी झाल्या. आणि सगळे लोक थांबले. गिटार पुढे गेली, ड्रम पुढे गेला, आम्ही सोप्रानोही पुढे गेलो. लोक आपले थांबून हवा भरण्याची वाट पाहत होते! मग ते त्यांच्या हिशेबाने सुरू झाले, तोवर आम्ही एक ओळ पुढे. पहिलं कडवं संपेपर्यंत नुसता गोंधळ. दुसऱ्या कडव्याला आवाज कमी कमी होत गेले. कोणी पुस्तकात बघू लागलं, कोणी एकमेकांकडे. मावशींनी तोंड मिटलं. दादाच्या कपाळावर घाम आला होता. तो जास्त जोरात वाजवू लागला, त्याने काम आणखीच बिघडलं.

मला पपांकडे पाहण्याचं धैर्य नव्हतं, म्हणून मी खाली पाहिलं. आणि मला त्यांचा पाय दिसला. दोन ओळी संपल्या, तसा पपांचा बूट फरशीवर दाबला जाऊ लागला. खाली, वर, खाली, वर. पेटी नव्हती, भाता नव्हता, पण पपा हवा भरत होते! वर चेहरा दगडासारखा आणि खाली पाय चाललेला.

मी ड्रमवाल्याकडे पाहिलं आणि बोटाने तो पाय दाखवला. एकदा, दोनदा. त्याने पाहिलं, भुवया उंचावल्या आणि दादाला मानेने खूण केली. तिसरं कडवं आलं. दोन ओळी झाल्या, लोक थांबले, आणि या वेळी गिटारही थांबली. वरात मध्येच अडली की बँडवाले गप्प बसत नाहीत, ताशा घुमवत ठेवतात. तसा त्याने त्या रिकाम्या जागेत ड्रम घुमवला, पपांच्या पायावर नजर ठेवून. धडधड धडधड वाढत गेली, पाय थांबला, झांज वाजली, आणि सगळं चर्च एका दमात पुढच्या ओळीवर तुटून पडलं!

मुलांनो, काय सांगू! म्हातारे, तरुण, कडेवरची पोरं, सगळे गात होते. दर दोन ओळींना ती धडधड यायची आणि लोक आधीच श्वास भरून तयार. मावशी तर टाळ्या पिटत होत्या. शेवटचं कडवं कोणी न सांगता पुन्हा म्हटलं गेलं. त्या थांबण्याशिवाय ते गाणं इतकं चढलं नसतं, आणि त्या ड्रमशिवाय त्या थांबण्यात इतका जीव आहे हे आम्हाला कधी कळलं नसतं. तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे याहून चांगलं उत्तर नाही. चर्चमधले लोक गात आहेत का, एवढं बघा. तुमच्या व्हिडिओत सगळे नुसते मोबाइल धरून उभे होते, तेवढं मात्र मला खटकलं.

गाणं संपल्यावर पपा सरळ वाद्यांपाशी गेले. दादा गिटार छातीशी धरून उभा होता, परीक्षेच्या निकालाला उभं राहावं तसा. पपा त्याला ओलांडून पुढे गेले. ते ड्रमवाल्याला म्हणाले, "चौथ्या कडव्यात तुम्ही जरा लवकर आलात."

"नाही अंकल," तो अदबीने म्हणाला, "चौथ्या कडव्यात तुमचा पाय उशिरा आला."

पपांनी खाली आपल्या बुटाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी पटकन वायर गुंडाळायला लागले. मावशींना हसू आवरेना, आणि मग पपाही हसले, अगदी दात दिसेपर्यंत.

"ती वायर गुंडाळू नकोस," ते मला म्हणाले. मग दादाकडे वळले. "अजून पाच गीतं बाकी आहेत. मी इथे स्टूल घेऊन बसतो, सगळ्यांना दिसेल असा. पुढचं कोणत्या सुरात घेणार?"