माधवचा तपकिरी पंप

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगवतंय, कारण तुम्ही माधवला ओळखत नव्हता.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. माधव माझा चुलतभाऊ. गंगेकाठी दुर्गाघाटावर काकांबरोबर, म्हणजे त्याच्या वडिलांबरोबर, वेद म्हणायचा. दम्यामुळे मधेच श्वास तुटायचा. डॉक्टरांनी दोन पंप दिले होते. निळा, लगेच आराम देणारा. तपकिरी, स्टेरॉइडचा — रोज घ्यायचा. तो सावकाश काम करतो. श्वासनलिकेच्या पेशींत शिरून सूज वाढवणाऱ्या जनुकांना गप्प बसवतो. मला हे पक्कं ठाऊक होतं. विद्यापीठात माझा प्रबंधच त्यावर चालला होता.

आणि तरीही — कसं सांगू? घरात मला कुणी एक मंत्र शिकवला नाही. मुलगी ना मी! भिंतीआडून ऐकून मला जे पाठ झालं, ते माधव अडखळत म्हणायचा आणि कौतुक त्याचं व्हायचं. वर एक दिवस पंगतीत माझ्या प्रबंधावरून म्हणाला, "ताईची पोथी वाळवीच वाचणार!" सगळे हसले. मीही हसले. पण मस्तकात तिडीक गेली होती.

त्याचं लग्न ठरलं होतं. त्याच संध्याकाळी हळूच माझ्याकडे आला. "ताई, तूच म्हणतेस ना, हे औषध जीनवर असर करतं? मग पुढं मुलाबाळांत काही गडबड तर नाही ना होणार?"

उत्तर जिभेवर होतं. जीनची पोथी तीच राहते रे, एक अक्षर बदलत नाही. काही पानं तेवढी वाचायची थांबतात. मुलांना काही होत नाही. पण वाटलं, एकदा घाबरू दे याला — आणि मी म्हणाले, "सांगता येत नाही."

त्यानं तपकिरी पंप सोडला. मला कळलं होतं. येता-जाता खिशातून निळाच निघायचा. तोंड उघडलं असतं तर माझं काय गेलं असतं? खोटी पडले असते, एवढंच ना?

लग्नाला बारा दिवस उरले असताना घाटाच्या पायऱ्यांवर त्याचा दम अडकला. निळ्यानं काही होईना. खुर्चीत बसवून चौघांनी त्याला गल्ल्यांमधून धावत नेलं. मी मागे. सडक आली तेव्हा तो गेला होता.

त्याच्या फळीवर तपकिरी पंप सापडला. हलवून पाहिला — भरलेला होता. पदराखाली लपवून नेला आणि गंगेत टाकला.

गल्लीत गाडी येत असती तर पोरगा वाचला असता, असं काका अजून म्हणतात. आणि मी — मी मान डोलावते.