न बोचलेला काटा

डॉक्टरांनी यांना डोळे मिटायला लावले आणि टाचणीने तळपायाला टोचायला सुरुवात केली.

"टोचतंय का?"

"टोचा की, मग सांगतो," हे म्हणाले.

टाचणी तोवर सगळ्या तळव्यावर फिरून आली होती. मी बघत होते.

"डायबेटिक न्यूरोपॅथी," डॉक्टर म्हणाले. म्हणजे रक्तातल्या साखरेने पायाच्या नसा बधिर होणं. अंगठ्याखालची जखम हाडापर्यंत गेली होती आणि यांना तिचा पत्ताच नव्हता. "अंगठा काढावा लागेल. पाय राहील की नाही, ते जखम कशी भरते त्यावर."

आमचं सिरसाळ्यात किराणा दुकान. श्रावणी सोमवारी हे परळीला वैजनाथाच्या दर्शनाला अनवाणी चालत जात, आमच्या लग्नाआधीपासून. त्या साली रस्त्याचं काम निघालं होतं, खडी उघडी पडली होती. बाकीचे लंगडत कडेच्या मातीतून गेले, हे सरळ खडीवरून. घरी येऊन म्हणाले, "औंदा एक काटा बोचला न्हाई. देवानं झेलून नेलं." सासूबाईंनी दृष्ट काढली. शेजारीपाजारी पाया पडून गेले. जखम तेव्हाच झाली होती, पण पाया पडणारा तळवे कुठे बघतो!

साखरेचं आम्हाला माहीतच नव्हतं. सारखी तहान लागायची, तर हे दुकानात नव्याने आलेल्या थंड बाटल्या फोडायचे. वर म्हणायचे, "गिऱ्हाइकाला चव सांगाया नको?"

अंबाजोगाईच्या दवाखान्यात अंगठा काढला. मग डिब्रीडमेंट, म्हणजे जखमेतलं मेलेलं मांस कापून काढणं. ते चालू असताना हे मला विचारत, दुकान उघडलं का. शेजारच्या खाटेवरचा माणूस ड्रेसिंगला आरडाओरडा करायचा आणि मला त्याच्या बायकोचा हेवा वाटायचा.

घरी आल्यावर एसटीच्या फेऱ्या सुरू झाल्या. स्टँडवर बसायचं, ओपीडीत बसायचं, परत स्टँडवर. मी थकले. देवावर चिडलेही. जखम भरत आली आणि पुन्हा चिघळली. घरात चपला घालायच्या नाहीत, हा आमचा रिवाज. दुकानातून घरात येताना एक तुरीचा दाणा पट्टीत शिरला होता, त्यावर हे दिवसभर चालले होते.

"पुन्हा असं झालं तर गुडघ्याखालून पाय जाईल," डॉक्टर म्हणाले.

त्या संध्याकाळी सासूबाईंनी नवी चप्पल धुतली, पुसली आणि देवघराच्या उंबऱ्याशी आणून ठेवली. "घाल बाबा. देवाला म्या सांगते." या बाईचे उपकार मी विसरणार नाही.

ज्यांच्या घरी साखर आहे, त्यांना माझं एवढंच सांगणं. दुखत नाही म्हणजे बरं आहे, असं समजू नका. रोज तळवे बघा, बोटांच्या बेचक्यासुद्धा. मी बघायला लागले तेव्हा हे चेष्टा करायचे, "रोज पाया पडतीस व्हय?" जखम कशीबशी भरली. गेलेला अंगठा मात्र गेलाच, आणि नसा काही परत आल्या नाहीत.

पुढच्या श्रावणात हे बूट घालून निघाले. मी बरोबर. लोक कुजबुजले. झाड दिसलं की मी यांना बसवायची, बूट काढायची, तळवे बघायची. चिडचिड व्हायची दोघांचीही. अर्ध्या वाटेवर मोज्याला रक्ताचा ठिपका दिसला. बाभळीचा काटा बुटाचा तळ फोडून आत आला होता.

"मला कायबी कळलं न्हाई," हे म्हणाले. आवाज पार उतरला होता.

"मला कळलं ना," मी म्हटलं.

काटा काढला, पट्टी बांधली आणि येणाऱ्या एसटीला हात केला. नेम मोडला म्हणून हे भांडतील असं वाटलं होतं. हे मुकाट्याने चढले, खिडकीची जागा मला दिली.

दर्शनाच्या रांगेत हे माझ्या पुढे उभे होते, दोन्ही पायांवर.