नामपूर नकाशातून पुसलं गेलं तेव्हा

चालू असलेल्या वस्तूवर या जगात सर्वांत जास्त अविश्वास कोणाचा असेल, तर तो आमच्या व्याह्यांचा. बंद पडलेल्या वस्तूशी ते गोड बोलतात, पण एखादा पंखा बिचारा निमूट फिरत असला की यांचा जीव वर-खाली. "विहीणबाई, याचा आवाज कसा नाही?" म्हणत खुर्चीवर चढतातच. देवळाली कॅम्पातल्या शाळेत आयुष्यभर भूगोल शिकवला, त्यामुळे घरातसुद्धा दिशांशिवाय बोलणं नाही. जेवताना म्हणणार, "मीठ जरा वायव्येकडे सरकवा," आणि मी पडले मुलीची आई, मुकाट्याने वायव्य शोधणार! लग्नात तर कमालच केली. मंगलाष्टकं चालू असताना माइक खरखरला, तर वरबाप थेट स्टेजखाली. मानाचा शेला घेऊन आम्ही उभे, आणि बाहेर दिसताहेत फक्त पाय. शेवटी आमच्या ह्यांनी शेला पायांवरच पांघरला. खालून आवाज आला, "थँक्यू. जरा टॉर्च मिळेल का?"

आता अशा माणसाला 'आमचा कॉम्प्युटर सुरू होत नाही' हे सांगायचं नसतं, एवढी अक्कल मला होती. पण वेळच तशी आली. लेक बाळंतपणाला आलेली, नातीचं बारसं चार दिवसांवर, आणि त्या कॉम्प्युटरमध्ये माझ्या नामपूरच्या मावशीचा पाळणा. आमच्या माहेरचं प्रत्येक बाळ तिच्याच आवाजावर झोपलेलं. ती थकली तेव्हा मी मोबाइलवर तो आवाज भरून घेतला, कॉम्प्युटरवर ठेवला आणि निश्चिंत झाले. पुढे मोबाइल धुण्याच्या बादलीत पडला, मावशीही गेली. उरला तो एवढाच. आणि वीज जाऊन आल्याचं निमित्त झालं, तर कॉम्प्युटर काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं दाखवून गप्प बसला.

व्याही पेनड्राइव्ह घेऊन हजर. "बूट बिघडलाय. म्हणजे सुरू होण्याची वाट विसरलाय तो. आत्ता दाखवतो." मशीन इंग्रजीत एकेक प्रश्न विचारत होतं आणि हे दर प्रश्नाला 'यस' दाबत होते. "अहो, वाचा तरी," मी म्हटलं. "एवढ्या अदबीने विचारतोय, नाही कसं म्हणायचं?" आणि खरंच, सुरू झाला हो! माझ्याकडे असं बघितलं, की पोह्यांवर जास्तीचं खोबरं घालावंच लागलं. मग मी पाळणा ठेवलेला माझा डी ड्राइव्ह उघडायला गेले, तर तो उघडेचना. वर पाटी आली, आधी फॉरमॅट, म्हणजे पुसून कोरा करावा लागेल, करू का? मी पोळ्यांकडे वळले होते, हातात लाटणं. यांचं बोट पुन्हा 'यस'कडे निघालेलं दिसलं आणि मी काय केलं असेन? व्याह्यांच्या हातावर चक्क लाटणं मारलं!

आतून लेक ओरडली, "आई, काय फुटलं?"

"काही नाही गं, तुझ्या सासऱ्यांना पोळी वाढतेय!"

व्याही मनगट चोळत पाटी पहिल्यापासून वाचू लागले. मग हळूच म्हणाले, "डिस्क म्हणजे आपला जिल्हा समजा. सी एक तालुका, डी दुसरा. मी इगतपुरीचा रस्ता नीट करायला गेलो आणि नकाशातून तुमच्या नामपूरसकट अख्खं बागलाण पुसून बसलो. पण नकाशातून पुसलं म्हणून नामपूरचा कांदाबाजार उठतो का? गाव जागेवरच आहे. फक्त रिकामी जागा समजून कोणी तिथे नवी वस्ती बसवता कामा नये. फॉरमॅट केलं, की बसलीच."

"आणि तुम्ही तेच करत होतात?"

"हो," म्हणाले. एवढ्या वर्षांतला त्यांचा पहिला सरळ 'हो'. पोहे तसेच टाकून गेले.

दुसऱ्या दिवशी आले ते दुसरी डिस्क घेऊन. आधी सगळ्या जिल्ह्याची जशीच्या तशी नक्कल उतरवली, मग त्या नकलेवर तालुक्यांच्या जुन्या शिवा-हद्दी शोधणारा प्रोग्राम लावला. तो शोधत होता आणि हे दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते. हो, खरंच! पाणीसुद्धा मागितलं नाही, हात सुटतील म्हणून. बारशाच्या आदल्या संध्याकाळी पडद्यावर फोल्डर उगवू लागले आणि त्यात दिसलं 'नामपूर'. मी लावलं. मावशी पूर्ण पाळणा गायली आणि शेवटी तिच्या अहिराणीत खेकसली, "बस कर वं माय, मन्हा घसा सुकी गया!" आत नात झोपली होती. व्याही भिंतीकडे तोंड करून उभे. मी विचारलं, "आता कोणती दिशा?"

पण त्या दिवसापासून हा माणूस बदलला हो. नात आता बालवाडीत जाते, झोपताना मावशीचं खेकसणंही म्हणून दाखवते. आणि व्याही कशालाच हात लावत नाहीत. मी मुद्दाम त्यांच्यासमोर खरखरणारा मिक्सर लावते. बघतात, हात पाठीमागे बांधतात. "चालतोय ना? चालू द्या." आमच्या घरातल्या सगळ्या वस्तू कशा निमूट चालतात, आणि मला अगदी करमेनासं झालंय.

परवा आले तेव्हा मी पोह्यांच्या बशीत चमच्याऐवजी स्क्रू ड्रायव्हर ठेवला. बघत राहिले. मग म्हणाले, "विहीणबाई, लाटणं कुठे आहे?"

"नैर्ऋत्येला," मी म्हटलं. "लांब आहे. तुम्ही मिक्सर उघडा."