बिल्ल्यावरची जाळी

आमच्या घरात गाडी मी चालवते आणि गाडीवर प्रेम प्रभाकरराव करतात. प्रभाकरराव म्हणजे आमचे यजमान. त्यांना स्वतःला गाडी चालवता येत नाही. एकदा शिकायला गेले होते, पण तिसऱ्या दिवशी शिकवणाऱ्यानेच हात जोडले. तरी गाडीबरोबर मिळालेलं माहितीपुस्तक त्यांना तोंडपाठ आहे. दर रविवारी गाडीच्या नाकावरचा कंपनीचा बिल्ला ते चष्मा पुसायच्या मऊ फडक्याने पुसतात. दुसऱ्या कंपनीची गाडी घेऊन आलेल्या पाहुण्यालाही आमच्याकडे चहा मिळतो, फक्त दुसऱ्यांदा 'घ्या' म्हणत नाहीत. कंपनीचं नाव लिहायचं नाही अशी मुलीची ताकीद आहे, म्हणून लिहीत नाही.

गाडी एकोणीस वर्षांची. स्टिअरिंग जड, त्यामुळे माझा उजवा खांदा वर्षभर धरलेला. "व्यायाम होतो," असं प्रभाकररावांचं त्यावरचं मत. शेवटी रेवतीने, आमच्या मुलीने, परस्पर दुसऱ्या कंपनीची नवी गाडी बुक केली. जुनी तिच्या बदल्यात जाणार होती. प्रभाकरराव तीन दिवस मुकाट्याने जेवले. चौथ्या दिवशी बापलेकीत तह झाला.

"तुम्हाला यवतमाळला जायचंच आहे ना? जाऊन या. रस्त्यात एकदाही बंद पडली नाही, तर मी बुकिंग रद्द करते. पडली, तर आल्या आल्या किल्ली माझ्याकडे."

"एकदा काय, अर्धी वेळसुद्धा पडणार नाही," प्रभाकरराव म्हणाले आणि गाडी धुवायला गेले. माझं म्हणाल तर खांदा मुलीच्या बाजूने होता आणि मन काठावर. ज्या गाडीवर मी चालवायला शिकले तीच ती गाडी होती.

डिसेंबरातल्या एका पहाटे पुणं सोडलं. जालन्याला मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी मेहकर, कारंजा करत यवतमाळकडे वळलो. जमीन काळी होत गेली आणि शेतं पांढरी. वेचणीला बायका कमरेला ओटी बांधून ओळीने सरकत होत्या. कडेच्या तुरी शेंगांनी वाकल्या होत्या. गाडी शहाण्यासारखी चालली होती आणि दर पन्नास किलोमीटरला प्रभाकरराव डॅशबोर्डवर हलकेच थोपटत होते. मला मात्र दोन दिवसांत एकदाही कोणी थोपटलं नाही.

बाभुळगावला यांचे मावसभाऊ विनायकभाऊ राहतात. कापूस, तूर, सोयाबीन अशी शेती. अंगणात गाडी शिरताच ते पुढे आले.

"वहिनी, इतक्या दुरून तुम्हीच चालवत आणली? अन् आमचे दादा काय करून राह्यले होते?"

"देखरेख," मी म्हटलं.

त्या संध्याकाळी जेवायला सोले-वांग्याची भाजी होती. सोले म्हणजे तुरीच्या ओल्या शेंगांतले हिरवे दाणे. सोबत ज्वारीची गरम भाकर आणि तेलात खमंग केलेला ठेचा. मी तिसरी भाकर घेतली तेव्हा प्रभाकररावांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

सकाळी निघताना विनायकभाऊ हातात हिरव्या मच्छरदाणीचा तुकडा आणि सुतळी घेऊन आले. गाडीच्या नाकावर तो तुकडा त्यांनी या दिव्यापासून त्या दिव्यापर्यंत ताणून बांधला.

"हे काय?" प्रभाकररावांनी दचकून विचारलं. बिल्ला जाळीखाली गडप झाला होता.

"कापसाचा सीझन हाय, दादा. जिनिंगले, सरकी काढाले, माल चालला. भरल्या गाड्याइतून पुंजके उडतात अन् रेडिएटरले जाऊन चिकटतात. हवा बंद, का इंजिन तापलं. इकडे या दिवसांत सारेच बांधतात. पुसद येईस्तोवर काढू नका."

पुसदला माझी शाळेतली मैत्रीण राहते, तिच्याकडे एक मुक्काम करून परत फिरायचं होतं. यवतमाळ मागे टाकून दारव्ह्याच्या अलीकडे चहाला थांबलो. मोठ्या कढईत आलूबोंडे तळत होते. इथे ते कोरडे खात नाहीत, वरून झणझणीत रस्सा ओततात. बाकावर तिघे बसले होते आणि विषय गाड्यांचाच होता. एकाच्या मते अमुक कंपनीची गाडी 'बापजाद्यापासून धोका देत नाही'. दुसऱ्याच्या मते त्या कंपनीचा पत्रा पापडासारखा. आवाज निवडणुकीच्या सभेसारखे चढले होते. तिसरा झरी जामणीकडचा, जंगलातल्या कामावरचा माणूस. तो सावकाश म्हणाला, "आमच्याकडे कंपनी नाही पाहत जी. खालून किती उंच हाय, ते पाह्यतात."

मग पहिल्याने आमच्या गाडीकडे मान वळवली. "काका, तुमची कोणच्या कंपनीची हाय? जाळीनं वळखूच येत नाही."

एवढं बोलून तो आपल्या रश्श्याकडे वळला. मी हात धुवायला नळावर गेले. आले तेव्हा प्रभाकरराव गाडीपाशी उभे राहून त्या तिघांना काही समजावत होते आणि तिघेही मान डोलावत होते. यांचा चेहरा असा फुलला होता की मला बरं वाटलं. मी थेट माझ्या दाराने आत बसले. गाडीचं नाक काही मी पाहिलं नाही.

दिग्रस ओलांडल्यावर पुढे कापसाने भरलेला ट्रक लागला. माल इतका फुगलेला की दोन्ही बाजूंनी रस्त्यावर लोंबत होता. पुंजके सुटून काचेवर येत होते. बाभळींच्या काट्यांनाही कापूस अडकलेला, जणू झाडांनीच वेचणी काढली होती. मी पुढे काढायला गेले की प्रभाकरराव म्हणत, "नको. पुस्तकात लिहिलंय, ताण देऊ नये." असं करत अर्धा तास आम्ही त्या ट्रकच्या मागे, पांढऱ्या पावसात.

"अहो, तापमानाचा काटा वर चाललाय."

"एकोणीस वर्षांत कधी गेला नाही."

"आता चाललाय."

चढाच्या मध्यावर बोनेटमधून वाफ आली. गाडीने दोन आचके दिले आणि ती बंद पडली. मी उतारावर मागे घेत ती कशीबशी कडेला लावली. खांद्यातून कळ गेली. उतरून पुढे पाहिलं, तर नाकावर कापसाची गादी भरून बसलेली आणि तिच्यावर लखलखीत बिल्ला.

"जाळी कुठे आहे?"

प्रभाकररावांनी शर्टाच्या खिशातून जाळी काढली. नीट चार घड्या घातलेली होती. "त्यांना दाखवायला काढली होती," ते म्हणाले. "मग बांधायची राहिली." जरा वेळाने खरं सांगितलं, "राहिली म्हणजे... चांगला दिसत होता गं तो." मला इतका राग आला होता की मी हसले.

चढाच्या वर तीसेक घरांचा बंजाऱ्यांचा तांडा होता. वाफ पाहून तिथून एक मध्यमवयीन माणूस खाली आला. शेषराव राठोड. दिग्रस ते पुसद काळीपिवळी, म्हणजे वडाप जीप चालवणारा. त्याने बोनेट न उघडता नुसतं नाक पाहिलं.

"जाळी काहून नाही बांधली?"

मी बोट दाखवलं, प्रभाकररावांच्या खिशाकडे. जाळी पुन्हा तिथेच गेली होती. शेषरावाने कपाळाला हात लावला. "अरे बाप्पा! खिशाले कुठं रेडिएटर असते, काका?"

इंजिन निवेपर्यंत त्याने आम्हाला वर नेलं. एक गोष्ट लगेच डोळ्यात भरली. तांड्यात पाच-सहा दारांत जीप उभ्या होत्या आणि सगळ्या एकाच कंपनीच्या. प्रभाकररावांना आपला माणूस भेटल्याचा आनंद झाला. "एवढी निष्ठा!" ते म्हणाले.

"निष्ठा कायची? एकाले दुरुस्ती समजली का सगळ्याइले समजते. याचा पुर्जा त्याले लागते. उद्या समदे मिळून दुसरी कंपनी घेऊ, तर तीही घेऊ."

प्रभाकररावांचा आनंद जागच्या जागी ओसरला.

शेषरावाने घरातून कापसावर फवारणी करायचा, पाठीवर घ्यायचा पंप आणला. हा नुसता पाण्याचा, धुण्यासाठी वेगळा ठेवलेला. गाडी निवल्यावर त्याने रेडिएटरवर आतून बाहेरच्या दिशेने फवारा मारला. कापसाचे लपके बदाबदा खाली पडले. मी वाकून ते गोळा करत होते. पाहता पाहता उशीच्या अभ्र्याइतका कापूस निघाला.

दरम्यान त्याच्या आईने चूल पेटवली होती. सगळे तिला याडी (आई) म्हणत. ज्वारीची जाड बाटी (भाकरी), डाळ आणि कच्चा कांदा. प्रभाकरराव एरवी बाहेरचं खाताना दहा प्रश्न विचारतात, इथे निमूट जेवत होते. गाडी बंद पडली, पैज संपली, हे त्यांना कळलं होतं. शेवटी याडीनेच विचारलं, "एवढा जीव कायले लावला बाबू त्या गाडीले?"

मी पहिली बाटी संपवत होते. मला वाटलं, आता पुस्तकातली पानं सुरू होणार. पण ते वेगळंच बोलले.

"मुलगी लहान होती तेव्हाची गोष्ट. हिला लायसन्स मिळून पंधरा दिवस झाले होते. माझं अपेंडिक्स फुटलं. रिक्षा मिळेना. हिनं मला डाव्या सीटवर घातलं आणि भर गर्दीतून दवाखान्यात नेलं. मी कळवळत होतो, पण गाडी एकदासुद्धा बंद पडली नाही. त्या दिवसापासून त्या सीटवर मला कसलीही भीती वाटत नाही. गाडीनं वाचवलं मला."

याडी हसली. तिच्या हातातल्या बांगड्या वाजल्या. "गाडीनं कायचं वाचवलं? चालवत कोण होतं?"

प्रभाकरराव बोटाने ताटातली डाळ ओढत राहिले.

"आमचा सासरा सांगे," याडी म्हणाली, "पहिले आपली माणसं बैलाइवर धान्य लादून मुलूखभर फिरत. त्याले लदेणी म्हनत. बैल कोण्या बाजारचा, हे कोणी नाही पुसे. संगं चालणारा कोण हाय, ते पुसत. रात-बेरात भरवसा त्याचाच."

एवढी वर्षं मीही ऐकत आले होते की गाडीने वाचवलं. कधी वाईट वाटलं नव्हतं, असं म्हटलं तर खोटं होईल. त्या क्षणी मात्र मला याडीला मिठी मारावीशी वाटली. मारली नाही. दुसरी बाटी मागून घेतली.

निघताना शेषरावाने स्वतः जाळी बांधली. प्रभाकररावांनी सुतळीचं दुसरं टोक धरलं आणि बिल्ला झाकला गेला तरी चकार शब्द काढला नाही. गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली. पुसदला मैत्रिणीच्या घरी पोचलो तेव्हा दिवेलागण होत होती. ती पहिल्यांदा काय म्हणाली असेल? "बरं झालं, जाळी बांधलीस. शहरातले लोक विसरतात."

परतीच्या वाटेवर मी एक बेत केला. "हे बघा," मी म्हटलं, "पुण्यात कोणाला काय कळणार आहे? मी रेवतीला काही सांगत नाही. जाळीचं आपल्या दोघांत राहू द्या."

मेहकरच्या पुढे प्रभाकररावांकडे सहज लक्ष गेलं, तर ते रस्त्याकडे पाहतच नव्हते. माझ्या उजव्या हाताकडे पाहत होते. वळण आलं की मी खांदा उचलते आणि ओठ दाबते, हे मलाही ठाऊक नव्हतं. त्यांनी डॅशबोर्डवर एकदाही थोपटलं नाही.

घरी पोचलो तर रेवती फाटकातच. "काय बाबा? पडली का बंद?"

मी तोंड उघडणार एवढ्यात प्रभाकरराव म्हणाले, "पडली. दिग्रसच्या पुढे." आणि त्यांनी चहाच्या टपरीपासून खिशातल्या जाळीपर्यंत सगळं सांगितलं. रेवती हसून हसून फाटकाला टेकली. मग तिलाच दया आली.

"मग ही काही गाडीची चूक नाही, बाबा. चूक तुमची. पैज तुम्ही जिंकलात. करते बुकिंग रद्द."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना हवं होतं ते त्यांच्या हातात आलं होतं. त्यांनी माझ्या हातातली किल्ली घेतली आणि रेवतीच्या तळहातावर ठेवली.

"नको. हिचा खांदा दुखतो," ते म्हणाले आणि बॅगा उतरवायला गेले.

नवी गाडी आली. स्टिअरिंग एका बोटाने फिरतं, खांदा आता बरा आहे. पहिल्या दिवशी खाली गेले तर नाकावर हिरवी जाळी ताणून बांधलेली, तीच, बाभुळगावची. दुसऱ्या कंपनीचा बिल्ला तिच्याखाली पार दिसेनासा.

"अहो, पुण्यात कुठे कापूस उडतोय?"

"असू दे. बांधलेली बरी," ते म्हणाले आणि डाव्या सीटवर जाऊन बसले. मी गाडी काढली आणि शहराला वळसा घालून तासाभराने परत आणली. वाटेत ते एकदाही दचकले नाहीत.

"कशी वाटली?" मी विचारलं.

"गाडीचं मला अजून काही कळलेलं नाही, पुस्तक वाचायचंय," प्रभाकरराव म्हणाले. "ड्रायव्हर जुनाच आहे, म्हणून भीती वाटली नाही."

मग उतरताना त्यांनी हात पुढे केला आणि माझ्या खांद्यावर हलकेच थोपटलं.