बाबांची प्लेट आणि माझी चिमणी

आमच्या भिलाईत डावं-उजवं कोणी सांगत नाही. प्लांट साइड आणि बाजाराकडची सुपेला साइड, एवढ्यात सगळा गाव बसतो. मान वर केली की पोलादाच्या प्लांटच्या चिमण्या दिसतात. चिमण्या तिकडे, तर घर इकडे. या ज्ञानावर माझी उभी हयात निभली. ते ज्ञान पाण्यावर चालत नाही हे कळायला मला वायझॅगच्या बंदरात जावं लागलं.

जायचं होतं बाबांना. नोकरीभर त्यांनी प्लेट मिलमध्ये पोलादाच्या प्लेटा लाटल्या. प्लेट वॅगनवर चढायची, वॅगन गेटबाहेर जायची आणि बाबांसाठी गोष्ट तिथंच संपायची. "पुढं जहाजात जाते म्हणतात," ते म्हणत, "पण चढताना पाह्यलं कोणी?" गुडघे इतके गेले होते की हा प्रवास शेवटचा, हे त्यांनाही माहीत होतं आणि आम्हालाही. मी छाती ठोकून म्हटलं, "मी दाखवतो."

बंदर फिरवणाऱ्या लाँचचं तिकीट काढताना मी खिडकीतल्या माणसाला विचारून घेतलं. तो म्हणाला, "जाते टाइम लोहे का जेट्टी बाएँ हाथ." मी धक्क्यावर उभा राहून डावीकडे पाहिलं. गोदामांच्या पत्र्यांवर लाल-पांढऱ्या पट्ट्यांची एक ऐटबाज चिमणी डोकावत होती. झालं! डावा हात म्हणजे चिमणी साइड. बाबांना आणि बायकोला मी त्या बाजूच्या कठड्याला बसवलं, बाबांचा चष्मा पुसून दिला.

लाँच आधी मागे सरकली, मग गर्रकन वळली. बघतो तर चिमणी उजवीकडे. आता डावा हात धरायचा की चिमणी? भिलाईचा माणूस चिमणीच धरणार.

"बाबा, उठा. तिकडं बसू."

काठी, पिशवी आणि बाबा असा सगळा संसार मी पलीकडे नेला. तिथल्या बाईंनी नाइलाजाने जागा दिली. जरा वेळात लाँच पाण्यात तरंगणाऱ्या एका बोयाला वळसा घालून गेली आणि चिमणी पुन्हा डावीकडे.

"बाबा, उठा."

"घडीघडी कावून उठवून राहिला रे मले?"

"अहो, बसू द्या ना त्याहिले," बायको म्हणाली. "तुमाले समजून तरी राहिलं का काही?"

"मले सगळं समजते," मी म्हणालो. हे वाक्य मी लग्नापासून म्हणत आलोय.

बाबा उठले, दोन पावलं चालले आणि लाँचच्या मधोमध इंजिनाच्या पेटीवर बसले. तोंड मागे, पाठ समुद्राकडे. "आता मी हालत नाही," म्हणाले.

मी एकदा या कठड्याला, एकदा त्या. सुकाणूवरचा माणूस ओरडला, "साब, बैठ जाओ, बोट हिलता है!" तेवढ्यात गोदामांची रांग संपली आणि माझी चिमणी चालायला लागली. आधी वाटलं, आपणच चाललोय. मग चिमणीखालून खिडक्या निघाल्या, खिडक्यांखालून दोऱ्या, दोऱ्यांवर कोणाच्या तरी वाळत घातलेल्या पँटी, आणि अख्खं जहाज भोंगा देत आमच्या समोरून निघून गेलं. जहाजाच्या धुराड्याला मी प्लांट समजून बसलो होतो. बायकोनं पदर तोंडाला लावला. तिला उलटी होत नव्हती.

"भैया, वो लोहेवाला जेट्टी?" मी सुकाणूवाल्याला विचारलं.

"वो तो पीछे गया, साब. बोला था ना, बाएँ हाथ."

म्हणजे पहिली जागाच बरोबर होती! मी मागे वळलो. मधे दोन बोटी, चमकणारं पाणी, क्रेनच्या दोन-चार माना. कुठली लोखंडाची, कुठली कोळशाची, मला काही उमगेना. बाबा मात्र कपाळावर हात धरून तिकडेच बघत होते.

"बाबा, दिसली का?"

"दिसली."

"प्लेट? चढताना?"

"जे पाहाले आलो ते दिसलं. तू बस आता खाली."

खरं सांगत होते की मला सांभाळून घेत होते? परतीच्या गाडीत दुर्ग स्टेशन येईस्तोवर मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो. ते शेंगदाणे खात होते.

पुढच्या रविवारी सुपेल्याच्या बाजारात त्यांचे प्लेट मिलमधले जुने जोडीदार भेटले. बाबांनी काठी उचलून दाखवलं, "अशी, क्रेनला लटकून, हळूहळू चढून राहिली होती. आपलीच."

"कोन्या बाजूनं होतं जी ते?" जोडीदारांनी विचारलं.

बाबांनी भाजीची पिशवी धरलेल्या माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "चिमणी साइडले."

जोडीदारांनी मान डोलावली. त्यांना नीट समजलं होतं. बाजारात न समजलेला मी एकटाच.